स्टॅटिक दस्तऐवजीकरण संकेतस्थळ आणि मराठी वाचक : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : दस्तऐवजीकरण, स्टॅटिक संकेतस्थळ, स्फिंक्स, देवनागरी शोध

प्रस्तावना

सॉफ्टवेअर प्रकल्पाचे दस्तऐवजीकरण हा लेखनप्रकार संगणकशास्त्र विभागाबाहेर फारसा चर्चिला गेलेला नाही. वास्तविक ते सूचनापर गद्यच असून त्याला लेखक आहे, वाचक आहे आणि पाठभेदही आहेत. नागपुरातील मनीषनगरात खोली करून राहणारा, दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेला बी.सी.ए.चा विद्यार्थी हा या गद्याचा एक संभाव्य वाचक होय. प्रस्तुत लेखात त्याच्या बाजूने या लेखनप्रकाराचे परीक्षण केले आहे.

स्टॅटिक संकेतस्थळाची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात. वाचकाने मागणी करताच सर्व्हर ती केवळ पोचती करतो. मागे डेटाबेस नसतो. लेखक साध्या मजकुराच्या फायली लिहितो व एखादे साधन त्यांतून पाने घडविते. या फायली आज्ञावलीच्या शेजारीच, आवृत्ती-नियंत्रणाखाली राहतात. त्यामुळे कोणते वाक्य कोणी व कधी बदलले याची नोंद आपोआप होते. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत आयुष्य वेचणाऱ्यांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे.

मुंबईचे एक उदाहरण

पायथन भाषेच्या दस्तऐवजांसाठी गेऑर्ग ब्रांडल यांनी घडविलेले स्फिंक्स हे साधन २००८ मध्ये प्रकाशात आले. त्याची पाने आपोआप तयार करून विनामूल्य मांडणारी 'रीड द डॉक्स' ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली. आय.आय.टी. मुंबईच्या एरोस्पेस विभागातील प्रा. प्रभू रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांचा पायएसपीएच हा द्रवगतिशास्त्रीय प्रकल्प याच जोडीचा उपयोग करतो. लिनक्स, मॅक व विंडोज यांवर स्थापना कशी करावी हे त्यात वेगवेगळे सांगितले आहे; उदाहरणांचे दालनही आहे. नवशिक्या अडतो तो बहुधा स्थापनेच्या पायरीवरच, हे लेखकांनी ओळखलेले दिसते. संदर्भ-विभाग मात्र आज्ञावलीतील टिपांवरून यंत्राने जुळविलेला आहे. फलनाचे नाव व त्याला काय द्यावे हे तेथे कळते. ते केव्हा व का वापरावे यासाठी वाचकाला पुन्हा पाठांकडेच वळावे लागते. यंत्राने जुळविलेली सूची म्हणजेच दस्तऐवज, असा समज महाविद्यालयीन प्रकल्पांत रूढ होऊ पाहत आहे. तो घातक आहे.

मराठी मजकुराचे काय होते?

हे सर्व लेखन इंग्रजीत आहे. समजा, एखाद्या विभागाने आपल्या प्रकल्पाचे दस्तऐवज मूळ मराठीत लिहून स्फिंक्सने पाने घडविली. पाने उत्तम दिसतील. अडचण शोधपेटीत आहे. मागे डेटाबेस नसल्याने शोधाची सूची पाने घडवितानाच तयार करावी लागते. त्यासाठी मजकुराचे शब्द वेगळे काढताना पायथनचा 'शब्दातील अक्षर कोणते' हा नियम लागू होतो. युनिकोडने काना, वेलांटी, मात्रा व हलन्त यांना अक्षर न मानता 'चिन्ह' या वर्गात घातले आहे आणि पायथनचा नियम चिन्हे वगळतो. परिणामी 'मनीषनगर' हा शब्द सूचीत 'मन' आणि 'षनगर' असा दुभंगतो. 'मराठी'चे 'मर' आणि 'ठ' होतात. 'पाणी' व 'पुणे' या दोहोंचे तर 'प' आणि 'ण' एवढेच उरते. म्हणजे पाणी शोधणाऱ्यास पुण्याची पाने मिळावीत! शब्दांची मूळ रूपे ओळखून शोधण्याची जी सोय स्फिंक्समध्ये इंग्रजी, जर्मन, तुर्की इत्यादी भाषांना आहे, तीत मराठी नाही. म्हणून विभक्तिप्रत्ययांचा प्रश्न उरतोच; पण शब्दच अखंड राहत नाही तेथे 'संगणकावर' आणि 'संगणकाने' यांचे नाते कोण जोडणार?

दुसरा दोष संदर्भ देणाऱ्यास जाचणारा आहे. इंग्रजी शीर्षकावरून त्या परिच्छेदाचा पत्ता तयार होतो. देवनागरी शीर्षकातील अक्षरे गाळली जातात आणि पत्ता 'आयडी१', 'आयडी२' असा क्रमाने पडतो. मध्ये एक नवे शीर्षक घातले की पुढील पत्ते सरकतात आणि काल दिलेला दुवा आज भलत्याच परिच्छेदावर नेतो. शोधनिबंधात असा दुवा देणाऱ्याची स्थिती, पृष्ठांक बदलत राहणाऱ्या ग्रंथाचा हवाला देणाऱ्यासारखी होते.

अनुवादाची वाट स्फिंक्सने २०११ पासून मोकळी केली आहे. तीत इंग्रजी वाक्ये वेगळी काढून त्यांपुढे मराठी वाक्ये लिहिता येतात. मात्र मूळ वाक्य बदलले की त्याचा अनुवाद बाजूला पडून तेथे पुन्हा इंग्रजी उमटते. अनुवादकाने वर्षभर लक्ष न दिल्यास पान अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी होत जाते.

या दोषांचा गाजावाजा झालेला नाही, कारण मराठीत दस्तऐवज लिहिणारेच विरळा. उपाय तुलनेने साधे आहेत. प्रत्येक शीर्षकावर रोमन लिपीत स्वतंत्र खूण दिली की पत्ता स्थिर राहतो. शब्द तोडण्याचा नियम बदलून स्वतःच्या भाषेचा शोधवर्ग जोडण्याची मुभाही स्फिंक्स देतो. स्वरचिन्हे शब्दातच ठेवणारा असा वर्ग लिहिणे बी.सी.ए.च्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पास सहज पेलण्यासारखे आहे. मात्र वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारा शोधही त्याच नियमाने बदलावा लागेल, अन्यथा सूचीतील 'मराठी' अखंड राहील आणि वाचकाने टंकलेली मात्र पूर्वीसारखीच तुटेल.