हुमणी कोणाच्या बाजूची?

मिरचीच्या वावरात हुमणी लागली की कळायला वेळ लागत नाही. भर पावसात झाड मलूल दिसतं, ओढलं की अलगद हातात येतं, खाली मूळच उरलेलं नसतं. भिवापुरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण हीच अळी गायरानात शिरली तर? तिथे मेलेल्या गवताची जागा शेजारचं झाड घेतं आणि वरून बघणाऱ्याला सगळं हिरवंच दिसतं. म्हणजे तिथे खाल्लेलं झाड मोजून भागत नाही, शेजाऱ्याला काय मिळालं तेही मोजावं लागतं.

या विषयावर दोन प्रयोगांचे दाखले नेहमी दिले जातात, बऱ्याचदा एकाच वाक्यात. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे.

पहिला प्रयोग इंग्लंडमधल्या सिलवुड पार्कचा. व्हॅलरी ब्राउन आणि ॲलन गँज यांनी तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. उघड्या जमिनीच्या काही तुकड्यांत त्यांनी कीटकनाशक मिसळलं, काहींत नाही. मातीतले कीटक घटले तिथे रुंद पानांच्या वनस्पती जास्त आल्या, प्रजातींची संख्याही वाढली. थोडक्यात, कीटक विविधता घटवतात. दुसरा प्रयोग गेर्लिंडे डी डेन आणि सहकाऱ्यांचा, २००३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला. त्यांनी उलट केलं, मातीत जीव सोडले. त्या जिवांनी सुरुवातीच्या दांडग्या वनस्पतींना दाबलं आणि विविधता वाढली.

मग खरं कोण? माझ्या मते दोघंही. एका ठिकाणी नवख्या रोपांची मुळं गेली, दुसऱ्या ठिकाणी दांडगटांची. त्यामुळे 'विविधता वाढते की घटते' यापेक्षा 'आधी कोणाचं मूळ खाल्लं जातं' हे विचारायला हवं. शिवाय कीटकनाशक काही फक्त मुळं खाणाऱ्यांनाच शोधून मारत नाही. आणि डी डेन यांनी सोडलेल्या जिवांत सूत्रकृमीही होते, म्हणून सगळं श्रेय कीटकांना देणं जरा जास्तच होतं.

आता गायरानाकडे. सिलवुडचा निकाल जसाच्या तसा उचलला तर वाटेल, हुमणी राहू द्या, ती रुंद पानांच्या गाजर गवताला आवरेल. मला हे पटत नाही. हुमणी ऊसही फस्त करते, आणि ऊस गवताच्याच कुळातला. मग ती मारवेल, कुसळी सोडून गाजर गवताकडेच जाईल असं कशावरून? आणि तणाचं मूळ कुरतडलं की शेजारच्या गवताचं भलंच होतं, असंही नाही. अमेरिकेत कॅलवे आणि सहकाऱ्यांनी सेंटॉरिया या तणावर मूळ पोखरणारा पतंग वापरून पाहिला. १९९९ च्या त्यांच्या निबंधात नेमकं उलट दिसलं: पतंगाच्या अळ्या लागलेल्या तणाशेजारचं देशी गवत अजूनच खंगलं!

आणखी एक गोष्ट, वेळेची. पहिल्या पावसासोबत भुंगे निघतात, रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, मग मातीत अंडी घालतात. अळी मोठी होऊन खरी खादाड होते ती ऑगस्ट-सप्टेंबरात. रोपांची जागेसाठीची पहिली मारामारी मात्र जून-जुलैतच उरकलेली असते. म्हणून हंगामाच्या शेवटी एकदा गवत कापून वजन केलं, तर अळीनं नेमकी कोणाची बाजू घेतली ते कळणार नाही. फावडं घेऊन दर पंधरवड्याला खणावं लागेल, आणि अळी कोणत्या झाडाच्या मुळाशी सापडली ते लिहून ठेवावं लागेल.