सूचनेतील घर आणि कामठीतील घर

सरकारी सूचनापत्र हे वाङ्मय नव्हे, सबब समीक्षेच्या कक्षेत ते येत नाही, असा एक समज अभ्यासकांत दृढ झालेला आहे. बखर, पोवाडा, आज्ञापत्र यांची भाषा बारकाईने तपासणारा अभ्यासक जिल्हाधिकारी कार्यालयातून निघणाऱ्या दोन परिच्छेदांच्या मजकुराकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक पाहता आपत्तीत कसे वागावे हे सांगणारे गद्य आजच्या मराठीतील सर्वाधिक प्रसृत गद्यांपैकी एक आहे, आणि त्याचा वाचक त्याच्यावर, निदान तत्त्वतः, आपला प्राण सोपवीत असतो. कादंबरी फसली तर वाचकाची एक संध्याकाळ वाया जाते; येथे तसे नाही.

नागपूर परिसरात या विषयाला एक स्थानिक इतिहासही आहे. आपत्तिप्रसंगीच्या मदतकार्याचे प्रशिक्षण देणारी देशातील पहिली केंद्रीय संस्था 29 एप्रिल 1957 रोजी नागपूर येथे स्थापन झाली. संकटात सापडलेल्यांना मदत कशी पोहोचवावी याचे शिक्षण महसुली अधिकाऱ्यांना देणे हा तिचा आरंभीचा हेतू होता. 1962 चे चिनी आक्रमण व 1965 चे पाकिस्तानशी युद्ध यांनंतर तिचे लक्ष शत्रूच्या हल्ल्यापासून नागरिकांच्या बचावाकडे वळले, आणि 1 एप्रिल 1968 पासून ती राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढे तिचे रूपांतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रबोधिनीत झाले. नामांतराचा हा क्रम भाषेच्या अभ्यासकास उद्बोधक वाटेल. ‘मदत’ या शब्दाचा कर्ता निःसंशय शासन आहे. ‘नागरी संरक्षण’ या शब्दात नागरिक हा रक्षणाचा विषय तर आहेच, परंतु हळूच तो कर्ताही झाला आहे. सूचनापत्राचे सारे बळ आणि सारी दुर्बलता या एका स्थित्यंतरात साठलेली आहे.

अशा सूचनांच्या उपयुक्ततेविषयी दोन टोकाची मते आढळतात. शासकीय मत असे की, सूचना पाळली तर जीव वाचतो. न वाचल्यास सूचना पाळली गेली नसावी. दुसरे मत उपहासाचे. अमेरिकेत 1952 साली प्रदर्शित झालेल्या ‘डक अँड कव्हर’ या बोधपटातील कासव धोका दिसताच पाठीवरील कवचात शिरते, आणि शाळकरी मुले त्याचे अनुकरण करीत बाकाखाली बसतात. ब्रिटनने 1980 साली ‘प्रोटेक्ट अँड सर्व्हाइव्ह’ ही पुस्तिका विक्रीस ठेवली. घरातील दारे उतरवून भिंतीशी तिरपी लावावीत, त्यांवर मातीने भरलेल्या पिशव्या रचाव्यात आणि त्या आडोशास चौदा दिवस काढावेत, असा तिचा उपदेश होता. त्याच वर्षी इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी ‘प्रोटेस्ट अँड सर्व्हाइव्ह’ या नावाने तिचा समाचार घेतला. त्यांचा राजकीय युक्तिवाद बिनतोड होता. परंतु त्यानंतर सर्वच सूचना हास्यास्पद मानण्याची जी प्रथा पडली ती मात्र न्याय्य नव्हे. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली. आधी प्रखर प्रकाश दिसला, धक्का नंतर आला. प्रकाश पाहण्यास लोक खिडक्यांशी गेले आणि फुटलेल्या काचांनी जखमी झाले. जखमींची संख्या सुमारे दीड हजार होती. एका शिक्षिकेने मात्र वर्गातील 44 मुलांना बाकांखाली बसविले. त्यांतील एकालाही इजा झाली नाही. उभी राहिलेली ती शिक्षिका तेवढी जखमी झाली. साठ वर्षे ज्या कासवाची टिंगल झाली त्याने सांगितलेली हीच क्रिया होती.

तेव्हा प्रश्न सूचना खरी की खोटी हा नाही. प्रत्येक सूचनेत एक घर गृहीत धरलेले असते, त्या घरात एक शरीर आणि त्या शरीराचा एक दिवस गृहीत धरलेला असतो. चेल्याबिन्स्कच्या शाळेला काचा होत्या, बाके होती, छत मजबूत होते. सूचनेतले घर आणि प्रत्यक्षातले घर जुळले. याउलट 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत काय घडले ते पाहावे. भूकंपात मेजाखाली वा पलंगाखाली आश्रय घ्यावा ही सूचना खांब-तुळयांच्या सांगाड्याच्या इमारतीत रास्त आहे. मराठवाड्यातील जाड दगडी भिंती व त्यांवर मातीचे जड माळवद असलेल्या घरात तिचा अर्थ ढिगाऱ्याखाली जागा निवडणे एवढाच उरतो. त्या पहाटे हजारो माणसे आपल्या घराच्या भिंतींखालीच गेली. ज्या निर्धनांना असे घर बांधण्याची ऐपत नव्हती आणि जे हलक्या छपराखाली झोपले होते, त्यांतील पुष्कळ वाचले. 1965 व 1971 च्या युद्धकाळातील सूचनांतही असेच एक घर दिसते. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवाव्यात, दिव्यांना काळे आवरण घालावे, जिन्याखाली आश्रय घ्यावा, असे सांगणाऱ्याच्या मनात काच, वीज आणि जिना ही तिन्ही असलेले शहरी मध्यमवर्गीय घर होते, हे सांगावयास नको.

हे तत्त्व कामठीस लावून पाहिले म्हणजे त्याची खरी कसोटी लागते. कन्हान नदीच्या काठी 1821 साली इंग्रजांनी वसविलेली ही छावणी. तिच्या आश्रयाने वाढलेल्या गावात पुढे हातमाग विणकर आले, विडी वळणाऱ्यांची वस्ती झाली. बाबू हरदास (1904–1939) यांनी याच विडी कामगारांना संघटित केले. आजूबाजूस कोळशाच्या खाणी आणि कोराडी, खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रे आहेत. येथे भूकंपाचे भय फारसे नाही. शत्रूचा हल्ला ही कल्पनाच राहिली आहे. येथील नित्याची आपत्ती ऊन ही आहे. नागपूरच्या वेधशाळेत मे 2013 मध्ये 47.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. हा आकडा, हे विसरता कामा नये, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या, हवेशीर पेटीत सावलीत टांगलेल्या तापमापकाचा आहे. टिनाच्या छपराखालील खोलीचे तापमान कोणतीही वेधशाळा नोंदत नाही.

उष्णतेविषयीच्या सूचनापत्राचे पहिले कलम सर्वपरिचित आहे: दुपारी बारा ते तीन या वेळेत उन्हात जाणे टाळावे. या वाक्यातील वाचक कोण? ज्याची दुपार त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे तो. वीटभट्टीवरील मजूर, ऑटोरिक्षाचालक, खाणीवरील कंत्राटी कामगार यांची दुपार आधीच विकली गेलेली असते, आणि सूचनापत्र ती विकत घेणाऱ्यास उद्देशून नसते. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर विसंगती अधिकच सूक्ष्म आहे. ती उन्हात जात नाही, घरातच बसते. म्हणजे तिने सूचना पाळली. परंतु पंख्याच्या वाऱ्याने तंबाखू उडते, ओलसर ठेवलेली तेंदूची पाने सुकतात, म्हणून पंखा बंद, आणि डोक्यावर टिन. सूचना तंतोतंत पाळूनही ज्याचा धोका टळत नाही असा वाचक सूचनाकाराच्या कल्पनेत आलेलाच नाही.

मात्र त्याच सूचनापत्रात डोके, मान व चेहरा ओलसर कापडाने झाकण्यास सांगितलेले असते, आणि हे कलम या भागात अक्षरशः अमलात येते. याचे श्रेय सूचनापत्रास देता येत नाही. नागपूर-कामठीचा माणूस उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याविना बाहेर पडत नाही; मे महिन्यातील हवा इतकी कोरडी असते की कापडातील ओल झपाट्याने उडते आणि गारवा देते. येथे सूचनेने रूढीला फक्त दुजोरा दिला आहे. असा दुजोराही निरुपयोगी नसतो, कारण तो सूचनेच्या इतर कलमांवरचा विश्वास वाढवितो.

विश्वास कमी कसा होतो याचे उदाहरण त्याच पत्रात दोन ओळींनंतर सापडते. घरी करावयाच्या पेयांची यादी देताना लस्सी, लिंबूपाणी, ताक यांच्या जोडीला ‘तोरणी’ हा शब्द वर्षानुवर्षे मराठी पत्रकांत छापला जात आहे. हा शब्द ओडिया आहे. आंबविलेल्या भातावरचे पाणी असा त्याचा अर्थ. 1998 च्या उष्णतेच्या लाटेत ओडिशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि उन्हाशी सामना करण्याचे धडे देशाने पुष्कळसे तेथूनच घेतले. त्या प्रवासात हा शब्द केंद्रीय इंग्रजी मसुद्यात शिरला व तेथून अनुवादकाने तो जसाच्या तसा मराठीत उतरविला. मराठी वाचकास तोरण ठाऊक आहे, तोरणी ठाऊक नाही. विदर्भात आंबील आहे, कैरीचे पन्हे आहे, मठ्ठा आहे. त्यांपैकी एकही शब्द अनुवादकास सुचला नाही. शब्द अडला म्हणून कोणी मरत नाही हे खरे. परंतु हा मजकूर येथे कोणी वाचण्यापूर्वी येथे कोणी लिहिलेलाच नाही, हे त्या एका शब्दाने उघड होते. कामठीतील बहुसंख्य विणकर कुटुंबांची भाषा उर्दू आहे, ही तर आणखी पुढची गोष्ट.

पुराच्या सूचनेत हाच दोष अधिक घातक ठरतो. कामठीजवळ बिना येथे कन्हान, पेंच आणि कोलार यांचा संगम आहे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टीमुळे पेंच नदीवरील धरणांतून मोठ्या प्रमाणावर पाणी सोडावे लागले आणि कामठी, पारशिवनी, मौदा तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्यात गेली. अशा वेळी निघणाऱ्या पत्रकाचा साचा ठरलेला आहे: अमुक धरणाचे अमुक दरवाजे अमुक मीटरने उघडण्यात आले असून इतक्या घनमीटर प्रतिसेकंद विसर्ग सुरू आहे, तरी नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. पहिला भाग अभियंत्याने अभियंत्यास लिहिलेला आहे. ‘विसर्ग’ म्हटल्यावर मराठी शाळेत शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोन टिंबे येतात, पाणी येत नाही. आणि ‘सतर्क राहावे’ ही क्रिया कोणती? गुरे सोडावीत की बांधावीत, पाणी किती तासांनी पोहोचेल, घाटाच्या कोणत्या पायरीपर्यंत चढेल, कोणत्या शाळेत जावे, यांपैकी काहीच त्या क्रियापदात नाही. कोतवालाच्या दवंडीत हे सारे असे. वेळ, ठिकाण आणि कृती यांवाचून दवंडी पिटताच येत नसे, कारण ऐकणारा समोर उभा राहून उलट प्रश्न करी. पत्रकास उलट प्रश्न करता येत नाही. शिवाय ते झोपलेल्या माणसास जागे करीत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ही उणीव प्रत्ययास आली.

व्याकरणाच्या अंगाने पाहता या साऱ्या गद्याचा आधारस्तंभ विध्यर्थी क्रियापद हा आहे: राहावे, टाळावे, घ्यावी, ‘वापर करण्यात यावा’. आज्ञार्थाला समोर माणूस लागतो. विध्यर्थाला तो लागत नाही; कर्तव्य हवेत तरंगत राहते आणि ज्याच्या अंगावर पडेल त्याचे होते. मागाहून चौकशी झालीच, तर ‘सूचना देण्यात आली होती’ हे वाक्य तयार असते. त्यातही कर्ता नाही.

याचा अर्थ विध्यर्थ सर्वत्र निष्फळ असतो असे नव्हे. ओडिशातील 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. 2013 च्या फायलिन वादळात ही संख्या पन्नासच्या आत राहिली. ‘सुरक्षित स्थळी जावे’ हे वाक्य दोन्ही वेळी तेच होते. दुसऱ्या वेळी ते स्थळ बांधून तयार होते, तेथे नेणारी वाहने होती आणि दारोदार जाऊन सांगणारे स्वयंसेवक होते. वाक्यातील प्रत्येक नामाला जमिनीवर एक वस्तू होती.

नागपूरच्या बाबतीत या दृष्टीने वाचण्याजोगा मजकूर नागरिकांसाठीच्या पत्रकात नव्हे, तर उष्णता कृती आराखड्यात सापडतो. अहमदाबादने 2013 साली असा पहिला आराखडा केला. नागपूर महानगरपालिकेने 2016 साली त्याचा कित्ता गिरविला. या प्रकारच्या आराखड्यांत विध्यर्थाला प्रथमच कर्ता लाभतो: उद्यान विभागाने दुपारी बागा उघड्या ठेवाव्यात, पाणीपुरवठा विभागाने पाणपोया चालवाव्यात, रुग्णालयांनी खाटा राखाव्यात, मालकांनी कामाच्या वेळा बदलाव्यात. शैली तीच, रुक्षही तितकीच. परंतु येथे वाक्य मोडले तर कोणी मोडले हे सांगता येते. विडी वळणाऱ्या स्त्रीच्या छपरावर पांढरा रंग कोणी द्यावा, हा प्रश्न विचारण्यास जागा आहे ती याच मजकुरात. महानगरपालिकेचा आराखडा अर्थातच महानगरपालिकेच्या हद्दीपुरता असतो. कामठी त्या हद्दीबाहेर, सोळा किलोमीटरवर, काही नगरपरिषदेत आणि काही छावणीत वसलेली आहे.