महानगर आणि मराठी समाजाचे दर्शन

मराठी समाज खऱ्या अर्थाने कोठे दिसतो, या प्रश्नाला आपल्या टीकावाङ्मयात दोन ठरलेली उत्तरे आहेत. १९४५ नंतर नवकथा आणि नवकाव्य यांचा उदय झाला तेव्हा ‘मुंबईत’ हे उत्तर रूढ झाले. यंत्रयुगातील माणूस महानगरात उघडा पडतो, म्हणून समाजाचे अंतरंग पाहावयाचे तर तेथेच पाहावे, असा हा पक्ष. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि तिच्यामागून आलेले ग्रामीण साहित्य यांच्या आधाराने दुसरा पक्ष उभा राहिला. त्याच्या मते शहर हा वरचा लेप असून खरा समाज खेड्यात आहे. या दुसऱ्या श्रद्धेला राजकारणाचेही बळ होते. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रसभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, आमच्या शेजारच्या फैजपुरास भरले आणि नंदलाल बोस यांनी त्याची सजावट बांबूसारख्या गावठी साधनांनी केली. पण त्याच फैजपुरास १९०९ साली जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांनी पुढे महानगराचे काव्य लिहिले, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोन्ही पक्षांचे भांडण मोठे असले तरी त्यांचे गृहीत एकच आहे. समाजाचा स्वभाव ही जणू एखाद्या ठिकाणी जपून ठेवलेली वस्तू असून लेखकाने फक्त योग्य जागी जाऊन ती पाहावयाची, असे दोघेही मानतात. मला हे गृहीतच मान्य नाही. समाज स्वतःविषयी जे बोलतो त्याची परीक्षा महानगरात होते, एवढे खरे. परंतु ती परीक्षा सर्वांना दिसत नाही. ज्याला त्या शहराकडून काही हवे असते आणि ते मिळेल की नाही याची ज्याला शाश्वती नसते, त्यालाच ती दिसते. तेव्हा टीकाकाराने ‘कोठे पाहिले?’ याच्या आधी ‘कोणी, आणि काय मागताना पाहिले?’ असे विचारावयास हवे.

मराठीत महानगराचे पहिले विस्तृत चित्र म्हणजे गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३). लेखक गोव्यातील मडगावचे. त्यांची माहिती अफाट आणि कुतूहल अखंड आहे. तथापि शहरात ज्याचे बस्तान बसले आहे अशा गृहस्थाची ती पाहणी आहे, हे वाचताना विसरता येत नाही.

याहून बोलका दाखला दोन लावण्यांचा आहे. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची लावणी रचली. पुढे अण्णा भाऊ साठे यांनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ वाटेगावचे. दोन्ही गावे एकाच वाळवे तालुक्यातली. नगर एक, रचनेचा प्रकार एक, मूळ मुलूखही एक. पण बापूरावांच्या लावणीत मुंबईचा थाट आहे, तर अण्णा भाऊंच्या लावणीत श्रीमंतांची वस्ती आणि कष्टकऱ्यांची वस्ती समोरासमोर उभ्या आहेत. हा भेद केवळ जातीचा म्हणून सोडवू पाहणाऱ्यांची येथे अडचण होते. बापूराव जन्माने ब्राह्मण, कुळकर्णी घराण्यातले, हे खरे. पण तमाशासाठी आणि पवळेसाठी त्यांनी ते घराणे मागे टाकले होते. मला भेद दिसतो तो मागण्याचा. बापूराव या शहरात फडाचे धनी म्हणून आले. त्यांना श्रोते हवे होते आणि शहराने ते भरभरून दिले. उतारवयात विपन्नावस्था आली तेव्हाची मुंबई त्यांनी कशी रचली असती, हा कल्पनेचा विषय आहे. अण्णा भाऊ लहानपणी कुटुंबासह पायी चालत मुंबईस आले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहिले. त्यांना काम आणि निवारा हवा होता. ज्याला निवारा मागावा लागतो त्याला नगराचा नकाशा निराळा दिसतो.

या दृष्टीने १९६३ हे साल मराठी टीकेने अधिक बारकाईने वाचावयास हवे. त्या वर्षी भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रहही. या दोन पुस्तकांची चर्चा आपण सहसा दोन निरनिराळ्या खोल्यांत बसून करतो. एकाची कादंबरीच्या इतिहासात, दुसऱ्याची दलित साहित्याच्या. त्यांना एका बाकावर बसवून पाहावे. दोन्हींत एक तरुण परक्या गावात येतो. ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्यास शिकावयास जातो. वसतिगृहात त्याला खोली आहे आणि घरून पैसा येतो. पुणे त्याला अडवीत नाही. ते त्याला केवळ निरर्थक वाटत जाते, आणि अखेर तो गावी परततो. गावही काही अमृताचे नाही. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते तेव्हाचा त्याचा आक्रोश वाचून ‘खरा समाज खेड्यात’ म्हणणाऱ्यांची जीभ अडखळावी.

बागुलांच्या शीर्षककथेतील तरुण रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत रुजू होतो आणि त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो खोलीचा. खोलीच्या आधी जातीची चौकशी होते. त्या चौकशीला तो जे उत्तर देतो ते मराठी साहित्यातील महानगराविषयीचे सर्वांत मार्मिक विधान आहे, असे माझे मत आहे. तो जात सांगत नाही, आपण मुंबईचे आहोत असे सांगतो. ज्याची जात पुसू नये अशा माणसाचे जणू ते आडनाव. मुंबईने या समाजाला जे वचन दिले होते, ते तो पदरात बांधून परमुलखी घेऊन आला आहे. वचन टिकत नाही. जात उघडी पडते, मार बसतो आणि सोडवावयास धावतो तो दुसरा एक दलित कामगार, काशीनाथ. या कथेत मुंबई प्रत्यक्ष जवळजवळ नाहीच; पण महानगर समाजाचा स्वभाव बदलते काय, या प्रश्नाची परीक्षा तिच्यात जेवढी होते तेवढी मुंबईवरच्या कित्येक जाडजूड कादंबऱ्यांत होत नाही. पांडुरंग आणि हा तरुण यांनी आपापली गावे अदलाबदल केली असती तरी पांडुरंगाला खोली मिळाली असती, आणि या तरुणाला पुण्यातही जात सांगावी लागली असती. समाज दोन्ही ठिकाणी तोच होता. दारावर थाप मारणारे हात निराळे होते.

येथे कोणी भाऊ पाध्यांचे नाव घेईल. ते मुंबईचेच, ‘वासूनाका’ (१९६५) लिहिण्यास त्यांना बाहेरून यावे लागले नाही. आक्षेप रास्त आहे. पण ‘वासूनाका’त महानगर असे कितीसे आहे? तो एक नाका आहे, स्वतःची बोली आणि स्वतःची गावकी असलेला. शिवाय या पुस्तकाने जी खळबळ उडाली, आचार्य अत्र्यांसारख्या निर्भीड लेखकानेही त्यावर जो प्रहार केला, त्यातून पांढरपेशा समाजाची ओळख अधिक पटते. त्या नाक्यावरच्या पोरांना सुसंस्कृत वाङ्मयात जागा हवी होती, आणि तेथेही जात नसली तरी चौकशी झालीच.

राजधानी म्हणजेच समाज, हा समज मुंबईहून पुष्कळ जुना आहे. आमच्या बऱ्हाणपुराचेच पाहा. १६३० साली शहाजहान दक्षिणेच्या मोहिमेसाठी येथे येऊन राहिला आणि त्याच सुमारास गुजरात व दख्खन यांवर भयंकर दुष्काळ कोसळला. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने तो लपविला नाही. त्याचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे. पण ते अखेरीस बादशहाच्या अन्नछत्रांशी आणि महसुलातील सुटीशी जाऊन थांबते. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीचा पीटर मंडी सुरतेहून बऱ्हाणपुरास आला. त्याने वाटेत जागोजाग पडलेली प्रेते नोंदविली. नगरात बसून लिहिणारा आणि नगराकडे येणाऱ्या वाटेवर लिहिणारा, दोघेही खरेच लिहीत होते. मात्र तुटलेला समाज पाहावयाचा तर वाट सोडून चालत नाही.

नेपानगरास हा विषय केवळ पुस्तकी नाही. देशातील वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना येथे उभा राहिला. १९५५ पासून उत्पादन सुरू झाले आणि १९५६ च्या एप्रिलात पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथल्या रानांतील सालई आणि बांबू यांचा कागद होऊन बाहेर जाई आणि शहरे त्यावर स्वतःची रोजची हकिकत छापीत. ज्या कोरकूंच्या मुलखातले ते रान, ते कोरकू त्या हकिकतीत क्वचितच येत. पुढे कारखाना काही वर्षे बंद राहून २०२२ मध्ये नव्या यंत्रांनिशी पुन्हा सुरू झाला. आता तेथे रद्दीवरील शाई काढून तिचाच नवा कागद होतो. कारखान्याच्या वसाहतीत नाना प्रांतांचे लोक आले. घर मिळे ते हुद्द्याप्रमाणे. ते शहर म्हणावे की खेडे, याचा निर्णय वर सांगितलेल्या कोणत्याच पक्षाला करता येणार नाही. आमच्या वर्गात खानदेशी वळणाची मराठी, निमाडी, कोरकू आणि हिंदी घरी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या हाती पडणाऱ्या मराठी साहित्याचे मात्र ‘नागर’ आणि ‘ग्रामीण’ असे दोनच कप्पे आहेत आणि यांपैकी एकाही कप्प्यात त्यांना आपली आळी सापडत नाही. त्यामुळे आपले जगणे लिहिण्याजोगे नसावे, अशी त्यांची समजूत होऊन बसते. ही समजूत पक्की होऊ देण्यात आपणा शिक्षकांचा आणि अभ्यासक्रम ठरविणाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

‘शहरी जीवन बरे की ग्रामीण?’ हा निबंधाचा विषय आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आणि दरवर्षी तीच दोन उत्तरे तपासत आलो. अकादमीच्या सभासदांपैकी जे शाळांतून शिकवितात त्यांनी वरच्या वर्गाला एकदा ‘परगावी खोली शोधताना’ हा विषय देऊन पाहावा.