ई.सी.जी. : वाचन की पाठांतर?

डॉ. डेल डुबिन यांचे ‘रॅपिड इंटरप्रिटेशन ऑफ ईकेजीज्’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावरून ई.सी.जी. वाचायला शिकल्या. चित्र, दोन-चार सोपी वाक्ये आणि रिकाम्या जागा, अशी त्याची मांडणी आहे. गती, लय, अक्ष, हृदयाच्या भिंतींची वाढ आणि हृदयस्नायूची इजा हा तपासणीचा क्रम लेखकाने पक्का बसवला आहे. घाईत पायरी गाळली जाऊ नये यासाठी तो मोलाचा आहे.

खटकते ती ‘रॅपिड’ची घाई. ठोक्यांची गती काढण्यासाठी ३००, १५०, १००, ७५, ६०, ५० ही मालिका पाठ करायला सांगितली आहे. तिचे कारण मागाहून येते. वास्तविक ते कारण शाळेच्या गणितातले आहे. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे ५ मिलिमीटरचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा आणि मिनिटाचे चौकोन ३००. दोन ठोक्यांत चार चौकोन असतील, तर ३०० भागिले ४, म्हणजे ७५. हाच कागद ५० मिलिमीटर वेगाने सरकला, तर खरी गती १५० असते. पाठांतर करणारा ७५ सांगून मोकळा होईल.

तीच गोष्ट आइन्थोव्हेन यांच्या त्रिकोणाची. १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाने दोन हात आणि डावा पाय यांच्यातील विभवांतरे मोजली. पहिली लीड म्हणजे डाव्या हाताच्या विभवातून उजव्याचे वजा. हातांच्या तारांची अदलाबदल झाली, की ही लीड उलटी उमटते. तत्त्व जाणणारा आधी तारा तपासील. नुसते आकार ओळखणारा रोग शोधत बसेल.

हा केवळ अध्यापनाचा वाद नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात मेहकर-लोणारकडे छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा पहिला ई.सी.जी. बहुधा जवळचाच डॉक्टर पाहतो. रुग्णाला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला हलवायचे का, हे त्यालाच ठरवावे लागते. पहिला आलेख निर्दोष दिसला तरी झटका नाहीच, असे म्हणता येत नाही, हेही त्याला ठाऊक हवे.

शिक्षकांनी हे पुस्तक जरूर चाळावे. मात्र वर्गात आधी आलेखकागद आणि पट्टी द्यावी, चौकोन मोजू द्यावेत. मालिका मुलांना स्वतःच सापडेल.