एक खून आणि एक कोरा रकाना

पाण्याचा उत्कलनबिंदू सांगताना आपण हवेचा दाबही सांगतो. नाहीतर तो आकडा अपुरा राहतो. इतिहासाच्या तासाला मात्र एखादे विधान कोणी केले, केव्हा केले आणि कोणाच्या सोयीचे होते, हे सांगायची रीत नाही. म्हणून देश बदलला की धडा बदलतो आणि मुलांना त्याचा पत्ता नसतो. कृष्णकुमार यांनी २००१ साली ‘प्रेज्युडिस अँड प्राइड’ या ग्रंथात भारत आणि पाकिस्तान यांची शालेय पुस्तके शेजारी ठेवून पाहिली. १९४७ साल इकडे फाळणीची जखम ठरते, तर तिकडे राष्ट्राचा जन्म.

हे दूरचे वाटत असेल तर पंढरपूरचेच उदाहरण घेऊ. जुलै १८१५ मध्ये दुसरा बाजीराव आषाढीच्या यात्रेसाठी तेथे असताना बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा, देवदर्शन करून परतताना, खून झाला. गायकवाडांकडील थकबाकी आणि अहमदाबादचा इजारा यांच्या बोलण्यांसाठी शास्त्री कंपनी सरकारच्या हमीवर पुण्यास आले होते. येथवर वाद नाही.

पुढे मात्र वाटा फुटतात. इंग्रजांच्या लेखी हा त्यांच्या हमीवरच घाला होता आणि दोषी होता पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे. पुण्याच्या बाजूने पाहिले तर कंपनीला हवे असलेले निमित्त मिळाले. बडोद्याकडून पाहिले तर शास्त्र्यांचे वैरी त्यांच्या घरच्या दरबारातही होते. अखेर १३ जून १८१७ च्या पुणे तहात त्रिंबकजीच्या अपराधाची कबुली बाजीरावाकडून लिहूनच घेण्यात आली.

आमचा आक्षेप येथे आहे. ‘त्रिंबकजीने खून करविला’ हे वाक्य प्रयोगाच्या निष्कर्षासारखे मुलांपुढे येते. पण दडपणाखाली घेतलेली कबुली हा पुरावा नव्हे. ती दडपणाखाली घेतली म्हणून त्रिंबकजी निर्दोष ठरतो, असेही नव्हे.

ग्रँट डफ हा कंपनीचा अधिकारी. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि लवकरच मराठीतही आला. १८६७ साली पुण्यात त्यावर टीकात्मक निबंध वाचला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजातील विद्यार्थ्याने. छापील इतिहास तपासता येतो, हे आपल्याकडे एका विद्यार्थ्याने दाखवून दिले आहे.

इस्रायली व पॅलेस्टिनी शिक्षकांनी मिळून केलेल्या एका पुस्तकात एका बाजूस इस्रायली कथन, दुसऱ्या बाजूस पॅलेस्टिनी कथन आणि मध्ये विद्यार्थ्यांसाठी कोरी जागा आहे. कल्पना उत्तम, पण अपुरी. दोन कथने शेजारी ठेवून ‘ज्याचे त्याचे मत’ म्हणून सोडून दिले, तर मुले विचार करण्याऐवजी पुराव्याविषयी बेफिकीर होतील. मधल्या रकान्यात मत नको. कोणता कागद मिळाला तर कोणते कथन पडेल, हे लिहायला हवे.

१८१५ चा धडा असा मांडायला एक फळा आणि दोन तास पुरेत. पंढरपुरातील शाळांना तर घटनास्थळही जवळ आहे. ज्या मुलाने तो मधला रकाना एकदा प्रामाणिकपणे भरला, ते १९४७ चा धडाही, तो कोणत्याही देशात छापलेला असो, वेगळ्या नजरेने वाचील.