दुधावरची साय आणि वऱ्हाडचा दगड

पृथ्वी थंड होताना दुधावर साय धरावी तसे तिच्यावर कवच आले, हा दृष्टांत आपण वर्गात बिनदिक्कत वापरतो. आमची त्याविषयी तक्रार आहे. अकोल्याच्या एका वर्गात आम्ही विचारले, "ती साय आज कुठे दिसेल?" मुलांनी खिडकीबाहेरच्या काळ्या दगडाकडे बोट दाखवले. त्यांचे काय चुकले? दृष्टांतातून दुसरे निघणार तरी काय!

हा बेसाल्ट सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा. पृथ्वी 454 कोटींची. तिचे वय एक वर्ष मानले, तर आपला दगड 26 डिसेंबरचा.

खरा दोष पुढेच आहे. साय एकदा धरली की झाले. कवचाचे तसे नाही. पहिले कवच बहुधा काळ्या दगडाच्याच जातीचे होते. पाणी मुरलेले ते कवच खोलात पुन्हा अंशतः वितळले आणि त्यातून हलका, सिलिका अधिक असलेला, ग्रॅनाइटसारखा खडक निघाला. खंडांचा पाया तो. मूळ कवच जवळजवळ सगळे नाहीसे झाले. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स येथे झिरकॉनचे 440 कोटी वर्षांपूर्वीचे कण मिळतात (वय कळते ते त्यांतल्या युरेनियमचे शिसे किती झाले यावरून), पण त्यांना जन्म देणारा खडक मिळत नाही.

आपल्याकडे मोर्शीपलीकडे सालबर्डीला बेसाल्टखालचा पट्टिताश्म उघडा पडला आहे. तोही पहिले कवच नव्हेच, पण काळ्या दगडाहून कितीतरी जुना. त्याचा एक तुकडा बेसाल्टशेजारी टेबलावर ठेवावा आणि मग मुलांना विचारावे, यातली साय कोणती?