तीन एकांकिका, एक संध्याकाळ

डब्लिनचे ॲबी थिएटर २७ डिसेंबर १९०४ रोजी उघडले ते एकांकिकांनी. येट्सची ‘ऑन बेलीज स्ट्रँड’ आणि लेडी ग्रेगरींची ‘स्प्रेडिंग द न्यूज’ या नव्या होत्या. सोबत १९०२ साली गाजलेली ‘कॅथलीन नी हुलिहान’ होती.

पहिलीत वीर कुहुलिन अजाणता आपल्याच पुत्राचा वध करतो. दुसरीत न झालेल्या खुनाची वार्ता बाजारभर पसरते व निरपराध्याला बेड्या पडतात. एक शोकान्तिका, दुसरे प्रहसन. विषय मात्र एकच, सत्य न जाणता केलेला निवाडा. जुन्या एकांकिकेत लग्नाच्या आदल्या दिवशी मायकेल मातृभूमीरूप वृद्धेच्या हाकेसरशी लढ्यासाठी घर सोडतो. वधूच्या अश्रूंपाशी नाटककार फारसा थांबत नाही, ही मला उणीव वाटते. परंतु उरलेल्या दोन एकांकिकांच्या सान्निध्यात प्रेक्षक आपणच विचारतो: मायकेलने तरी नीट पारखले होते काय?

म्हणून संध्याकाळ योजताना ‘एक हसवणारी, एक रडवणारी’ एवढाच हिशेब पुरेसा नाही. जुनी आणि नवी कृती एकमेकींना प्रश्न विचारतील, अशी निवड हवी. मग पडदा पडल्यावरही घरच्या वाटेवर बोलणे चालू राहते.